शारदाअक्कांचे कान

शारदाअक्का फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. आपला नंबर सांगत. सहा आकडे, दोन-दोनच्या जोड्यांनी, इंग्रजीत, शेवटचा आकडा किंचित वर उचलून. मग गप्प राहत. पलीकडचं माणूस बोलायला लागेपर्यंत त्या एक शब्द काढत नसत.

बेंगळुरूच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. गावोगावी थेट फोन लागू लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची बूथं आली, आणि ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या बायकांना काम उरलं नाही. अक्कांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. सवयी मात्र घरी घेऊन आल्या. फाटकाशी उभं राहून कोणी लांबण लावली की त्या, ट्रंक कॉलवर सांगत तसं, मध्येच म्हणत, “तीन मिनिटं झाली,” आणि आत निघून जात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं की म्हणत, “लाइन खराब आहे.” इतक्या वर्षांच्या हेडफोनने त्यांचा उजवा कान निकामी झाला होता. त्यामुळे ज्याचं ऐकायचं त्याला त्या डाव्या हाताला बसवत. उजवीकडे बसवलं तर समजायचं, की आपलं काही ऐकायची त्यांची तयारी नाही.

तन्वी, गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, की विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंनी तुला एक फॉर्म भरायला दिला, आणि त्यातला ‘हे किती दिवसांपासून आहे?’ हा रकाना तू कोरा ठेवलास. निखिल मागून म्हणाला, आजीला विचार, तिला सगळं तारखेवार माहीत असतं. तोच प्रश्न एकदा मलाही विचारला गेला होता, आणि मला तारखेवार काहीच माहीत नव्हतं. उत्तर माझ्याऐवजी शारदाअक्कांनी दिलं. म्हणून तुम्हा दोघांसाठी त्यांच्याविषयी लिहून ठेवते आहे.

आम्ही तेव्हा बसवनगुडीत राहत होतो. एकाच मालकाची दोन बैठी घरं होती, मध्ये एक भिंत. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर त्या भिंतीच्या दोन बाजूंना. शारदाअक्का बेंगळुरूच्याच, कित्येक पिढ्या तिथल्या. त्यांचं मराठी आमच्या पुण्याच्या मराठीपेक्षा जुनं होतं आणि त्यात कन्नड मिसळलेलं होतं. लग्न केलं नव्हतं. एकट्या राहत. मला त्या ‘सुधा’ म्हणत, तुमच्या आजोबांना ‘साहेब’ आणि तुमच्या आईला, ती तेव्हा नववीत होती, ‘शुभम्मा’.

गल्लीतल्या बायकांना त्यांच्याकडून गोष्टी हव्या असत. एकतीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकलेली बाई, तिच्याकडे काय काय असेल. अक्का सुरुवात करतही. एकदा म्हणाल्या, “एक माणूस रोज चार वाजता धारवाडला कॉल बुक करायचा. बाई उचलायची. दोघं काही बोलायचेच नाहीत. तीन मिनिटं सुम्मने, नुसता फोन धरून बसायचे.” समोरच्या पद्माने विचारलं, “मग? कोण होते ते?” अक्का म्हणाल्या, “मग तीन मिनिटं झाली.” आणि नारळ खवायला लागल्या. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा एक्स्चेंजचा नियम होता. एक्स्चेंज सुटलं, नियम सुटला नाही.

चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर मला काही वाटेनासं झालं. हे याहून नीट लिहिता येत नाही. घरात कोणी गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. आजोबा चांगले होते, नेहमी असतात तसे. मी सकाळी उठून पलंगाच्या कडेवर बसायची आणि बसूनच राहायची. शुभाची शाळेची वेळ व्हायची. ती स्वतः ब्रेडला लोणी लावून डब्यात घालायची. शाळेच्या ग्रंथालयातली माझी अर्धवेळ नोकरी मी सोडली, का ते विचारलं तर कंटाळा आला म्हणून सांगितलं. कपाटातल्या साड्यांच्या घड्या मी रंगाप्रमाणे लावत असे. त्या तशाच लागलेल्या होत्या, कारण मी त्यांतली एकही काढत नव्हते. आजोबांनी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. मी घेतल्या.

डिसेंबरात एका सकाळी अक्का मागच्या दाराने आल्या. स्टुलावर बसल्या. मला त्यांनी डावीकडे बसवलं.

“कुकरला काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. का?”

“वाजत नाही.”

मी ओट्याकडे पाहिलं. कुकर जागेवर पालथा होता. तो शेवटचा कधी लावला ते मला आठवेना.

अक्कांनी आणखी काही विचारलं नाही. जाताना म्हणाल्या, “गुरुवारी दहाला तयार राहा. मला कान दाखवायचाय. एकटी जायला भीती वाटते.”

त्यांना कशाचीही भीती वाटत नसे. हे मला कळत होतं, पण नाही म्हणायला जी ताकद लागते ती नव्हती. संध्याकाळी त्यांनी आजोबांनाही फाटकाशी गाठून सांगितलं, “साहेब, सुधाला माझ्याबरोबर पाठवा. दर गुरुवारी. कान फार त्रास देतोय.” आजोबा म्हणाले, “अवश्य. तिलाही बाहेर पडल्यासारखं होईल.”

तो दवाखाना रिचमंड टाउनकडे एका ट्रस्टचा होता. खाली डोळे, कान, दात. वर जिना चढून गेलं, की एक लांब व्हरांडा, एक बाक आणि हिरवा पडदा. कानाचे डॉक्टर खाली होते. अक्का न थांबता जिना चढल्या. वर मी ‘मानसोपचार’ ही पाटी वाचली, पण तेव्हाही मला काही वाटलं नाही. राग नाही, लाजही नाही. बाकावर बसायला जागा आहे, एवढं वाटलं.

पडद्याआड मिस कुरियन म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांची पद्धत अशी, की पहिल्या दिवशी पेशंटशी बोलायचं आणि पेशंटबरोबर राहणाऱ्या माणसाशीही बोलायचं. कारण पेशंटला स्वतःचं काही सांगता येतंच असं नाही. मला त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे किती दिवसांपासून आहे? मी म्हटलं, “आय डोन्ट नो.” झोप? “आय डोन्ट नो.” माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं. तरी त्या दिवशी माझ्याकडे तेवढं एकच वाक्य होतं.

मग त्यांनी अक्कांना विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?”

“बहीण,” अक्का म्हणाल्या.

“एकाच घरात राहता?”

“भिंत एक आहे.”

आणि मग त्या बोलल्या, कन्नडमध्ये. मला तोवर पुरतं कन्नड येत होतं. दसऱ्यापर्यंत सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तीन शिट्ट्या. दसऱ्यानंतर आठला. दिवाळीच्या आधी नऊला, दोनच. दिवाळी झाल्यावर एक दिवसाआड. गेले अकरा दिवस एकही नाही. पूर्वी मुलीला सकाळी ओरडायची, वेणी घाल, दप्तर आवर, रोज. आता ओरडत नाही. मुलगी स्वतःच मोठ्याने बोलते, आई मी निघाले, आणि दोन वेळा बोलते. मोरीतला नळ पहाटे सुटतो आणि बादली भरून वाहत राहते. बंद करायला कोणी येत नाही. पूर्वी दुपारी रेडिओ असे. तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबला. रडण्याचा आवाज नाही. “रडली असती तर मी एवढी घाबरले नसते,” अक्का म्हणाल्या.

मिस कुरियन भराभर लिहीत होत्या. मी शेजारी बसून ऐकत होते. दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय, असं ते ऐकलं. शुभा ‘आई मी निघाले’ दोन वेळा म्हणते, हे मला माहीत नव्हतं.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “अक्का, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही ना?”

“एकतीस वर्षांत एकदा,” त्या म्हणाल्या. “रजा घेतली असं समज.”

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही जायचो. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या अक्कांच्या कानाच्या, अक्का घ्यायला विसरतात म्हणून, आमच्या फळीवर राहिल्या. आजोबा अधूनमधून फाटकाशी विचारत, “काय अक्का, ऐकू येतंय का आता?” अक्का म्हणत, “स्वल्प सुधार आहे, साहेब. पण वेळ लागेल म्हणून सांगितलंय.” हे त्या अगदी सरळ चेहऱ्याने सांगत.

आत चाळीस मिनिटं असायची. मिस कुरियन विचारायच्या, आज काय खाल्लं? काल कोणाशी बोललात? मी सांगायची. त्या लिहायच्या. मला वाटायचं, हे सगळं एखाद्या कार्यालयातलं काम आहे आणि माझी फाइल चुकून इथे आली आहे. पाचव्या गुरुवारी मी अक्कांना सांगितलं, मी येणार नाही.

“का?”

“काही होत नाही त्याने.”

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या आणि एकट्या गेल्या. मला वाटलं, कळवायला गेल्या असतील.

त्या दवाखान्यात नियम होता. दोन गुरुवार चुकले, की ती वेळ यादीतल्या पुढच्या माणसाला जायची, आणि परत यायचं तर परत शेवटून सुरुवात. मला तो नियम माहीत होता. मला त्याचं काही नव्हतं. तीन गुरुवार मी गेले नाही. तीनही गुरुवारी अक्का दहाच्या आत बाहेर पडताना दिसल्या, आपली निळी छत्री घेऊन, ऊन असो वा नसो.

चौथ्या गुरुवारी शुभाने मला हाताला धरून फाटकापर्यंत आणलं. अक्कांनी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. ती फक्त म्हणाली, “आई, जा ना.” मी गेले. मिस कुरियननी पडदा बाजूला केला तेव्हा माझी वेळ माझ्याच नावावर होती.

“अजून आहे?” मी विचारलं.

“तुमची बहीण येत होती,” त्या म्हणाल्या. “म्हणाल्या, तिचं नाव कापू नका, तिच्या जागी मी बसते. असं चालत नाही म्हणून मी सांगितलं. त्या बसल्याच. पूर्ण चाळीस मिनिटं.”

“काय बोलल्या?”

मिस कुरियननी माझ्याकडे पाहिलं. “ते मी तुम्हाला कसं सांगू?”

घरी येताना मी अक्कांना तोच प्रश्न केला. “सुम्मने बसले,” त्या म्हणाल्या. “पलीकडचं माणूस येईपर्यंत कोणीतरी लाइन धरायला नको?” मी पुढे काही विचारणार होते, पण तेवढ्यात लक्षात आलं, की रिक्षात त्यांनी मला उजवीकडे बसवलं होतं.

नंतर हळूहळू बरं वाटत गेलं. कसं ते सांगता येत नाही, आणि जसं सांगतात तसं काही झालं नाही. एवढंच आठवतं, की मार्च महिन्यात एका सकाळी कॉफीने माझी जीभ भाजली. मी पेला खाली ठेवला आणि मला समजलं, की कॉफी गरम आहे. इतके महिने मी ती पीत होते, पण गरम आहे की गार ते कळलं नव्हतं. मिस कुरियनना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीनंतर भिंतीवर पलीकडून उलथन्याचे दोन ठोके पडले.

जूनमध्ये मिस कुरियन म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी या. बाहेर येऊन मी अक्कांना सांगितलं. त्या “छान” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी पण येशील?”

“आता कशाला?”

“कान दाखवायचाय.”

मला हसू आलं. मी म्हटलं, येते.

पुढच्या गुरुवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. शिपायाने नाव पुकारलं, ते माझं नव्हतं. अक्का उठल्या. आपल्या पिशवीतून त्यांनी दवाखान्याचं एक कार्ड काढलं, माझ्या कार्डासारखंच पिवळं, कडा मऊ पडलेल्या. त्यावर त्यांचं नाव होतं. कोपऱ्यातली तारीख मी वाचली. माझ्या जागी बसायला त्या गेल्या होत्या, त्यांपैकी दुसरा गुरुवार. म्हणजे चार महिने. मला आत सोडून त्या व्हरांड्याच्या टोकाच्या दुसऱ्या खोलीत जात आणि माझ्या आधी बाकावर येऊन बसत. मी कधी विचारलं नव्हतं, चाळीस मिनिटं तुम्ही काय करता.

मिस कुरियन बाहेर आल्या, वही घेऊन. “आज यांचं मी बघणार आहे. यांच्याबरोबर राहणारं कोणी अजून आलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बहीण ना? दोनच प्रश्न. यांची झोप कशी आहे? आणि हे किती दिवसांपासून आहे?”

मी तोंड उघडलं. नऊ वर्षं आमची भिंत एक होती. त्या किती वाजता उठतात? जेवतात काय? त्यांच्याकडे कुकर होता का? होता तर त्याची शिट्टी मी कधी ऐकली होती? रेडिओ? कोणाचा फोन येत होता त्यांना? मी क्रमाने आठवायला लागले, जसं मी सगळंच क्रमाने करते, आणि पहिल्याच ओळीवर काही नव्हतं. मिस कुरियन पेन धरून उभ्या होत्या.

“आय डोन्ट नो,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं.

परतताना अक्कांनी विचारलं, “तुला काय विचारलं?”

“तुमच्या झोपेचं.”

“मग?”

“माहीत नाही म्हणून सांगितलं.”

“सरी,” त्या म्हणाल्या. “खरं तेच सांगितलंस.” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना नवलही वाटलेलं दिसलं नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी नीट वाईट वाटलं.

त्या आठवड्यात मी भिंतीपाशी बसून ऐकलं. भाजी निवडायची ती तिथे, मटार सोलायचे ते तिथे. सकाळी सहाला कॉफीच्या फिल्टरच्या झाकणाचा आवाज. नंतर पाणी. साडेबाराला एकदा ताटाचा. दोन ते सहा काहीही नाही. पावलंही नाहीत. फक्त रोज चारच्या सुमाराला त्यांचा आवाज यायचा. सहा आकडे, दोन-दोनच्या जोड्यांनी, शेवटचा किंचित वर. मग शांत. फोनची घंटा त्याआधी वाजलेली नसायची. मी घड्याळ लावून पाहिलं. तीन मिनिटांनी रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज यायचा.

पुढच्या गुरुवारी मी हे सगळं मिस कुरियनना वेळांसकट सांगितलं. अक्का शेजारी बसून ऐकत होत्या. मी त्यांच्या डावीकडे होते. माझं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “साडेबाराचं ताट रोज नसतं. आठवड्यातून चार दिवस.” मिस कुरियननी दुरुस्ती केली.

तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले. आधी दर गुरुवारी, मग महिन्याने. आजोबांना हे सगळं मी खूप उशिरा सांगितलं. ते म्हणाले, “मला वाटलं, अक्कांचा कान.” धारवाडच्या त्या कॉलबद्दल मी अक्कांना एकदाच विचारलं. “लाइन खराब आहे,” त्या म्हणाल्या.

नंतर आम्ही हेब्बाळला फ्लॅटमध्ये आलो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या जागी घरमालकाने नागपूरच्या एका मुलीला भाडेकरू म्हणून ठेवलं. सॉफ्टवेअर कंपनीत होती, एकटी, सकाळी कंपनीच्या बसने जायची. अक्का फोनवर सांगायच्या, “चांगली पोरगी आहे. मॅगी खाते.” एवढंच. मी येते म्हटलं, की म्हणायच्या, “एवढ्या लांबून कशाला? मी नीट आहे.” वर्षभराने त्या म्हैसूरला भावाकडे गेल्या आणि दोन पावसाळ्यांनंतर तिथेच वारल्या. मला पत्राने कळलं.

आम्ही हेब्बाळला आल्यावर, त्या म्हैसूरला जाण्याआधी, मी त्यांना एकदाच पाहिलं. गुरुवार होता. काही कामाने त्या भागात गेले होते, म्हणून न सांगताच दवाखान्याचा जिना चढले. शेवटच्या पायरीवर थांबले. बाकावर अक्का बसल्या होत्या, निळी छत्री मांडीवर आडवी. त्यांच्या डाव्या हाताला ती नागपूरची मुलगी होती. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, केस न विंचरलेले. दोघी बोलत नव्हत्या. दोघी समोरच्या हिरव्या पडद्याकडे बघत होत्या. दोघींच्या मध्ये बाकावर एक पिवळं कार्ड होतं, पालथं पडलेलं. त्या दिवशी कोण कोणाला घेऊन आलं होतं, ते मला सांगता यायचं नाही. शिपाई नाव पुकारायला बाहेर आला. नाव ऐकायला मी थांबले नाही. आवाज न करता खाली उतरले.